काचेंतल्या समुद्राची राखण

घरांत एखादा प्राणी आणावयाचा म्हटला कीं मुलें टाळ्या पिटतात, वडील माणसें कपाळाला आठ्या घालतात, आणि महिन्या दोन महिन्यांनीं त्या प्राण्याची उस्तवार आठ्या घालणारांच्याच गळ्यांत येऊन पडते, हा संसाराचा जुनाच अनुभव आहे. पोपट, मांजर आणि फार झालें तर काचेच्या भांड्यांतले चार सोनेरी मासे, येथवर आमच्या घराची मजल गेलेली होती. पण चार वर्षांमागें आमच्या पुतण्यानें दिवाणखान्यांत समुद्राच्या पाण्याची दोनशें लिटरांची काचपेटी मांडली व तींत समुद्रपुष्प ठेवण्याचा घाट घातला. तेव्हांपासून या एका मुक्या प्राण्यानें आम्हांस जें शिकविलें, तें आमच्या पुरतेंच ठेवणें बरें दिसणार नाहीं. हल्लीं पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत अशा पेट्या दिसूं लागल्या आहेत. म्हणून या महिन्यांत नेहमींचे विषय बाजूस सारून या काचेंतल्या समुद्राविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांत आमच्या फजितीचा भाग बराच आहे. पण पुढच्यास ठेंच लागली तरच मागचा शहाणा होतो.

समुद्रपुष्प हें नांव ऐकून ही कांहीं वनस्पति असावी असा समज होतो. तसें नाहीं. प्रवाळ व जेलीफिश यांच्या गोतांतला हा प्राणी आहे. त्याला हाड नाहीं, डोळे नाहींत, मेंदू नाहीं कीं हृदय नाहीं. खालीं खडकाला धरून बसणारें एक पाऊल, वर पिशवीसारखें धड, धडाच्या माथ्यावर मधोमध तोंड, आणि तोंडाभोंवतीं फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें पसरलेले मऊ स्पर्शक, एवढाच त्याचा देह. अन्न आंत घेण्याचें आणि मळ बाहेर टाकण्याचें द्वार एकच. पाकळ्या कोमल दिसतात खऱ्या, पण त्यांत अतिसूक्ष्म दंशपेशी ठासून भरलेल्या असतात, व भक्ष्याचा स्पर्श होतांच त्यांतून विषारी तंतु सुटतात. आमच्याकडे जी जात आहे ती खडकाच्या कपारींत पाऊल रोवून राहते व तिच्या स्पर्शकांचीं टोकें पुष्कळदां बुडबुड्यासारखीं फुगतात. हिंदी महासागर व पॅसिफिक महासागर यांतील प्रवाळखडकांवर ती आढळते. उष्ण समुद्रांतल्या मोठ्या समुद्रपुष्पांपैकीं घरांत ठेवण्यास हीच त्यांतल्या त्यांत सोशिक मानितात. ‘त्यांतल्या त्यांत’ या शब्दांवर वाचकांनीं जोर द्यावा.

आतां आमची पहिली फजिती. पेटी आली, तींत मीठ कालवून पाणी भरलें, दिवे लावले, दोन नारिंगी मासे सोडले. पुतण्याच्या धाकट्या बहिणीनें २००३ सालचा ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट पुन्हां पुन्हां पाहिलेला. माशांना त्यांचें घर हवें, असा तिचा हट्ट. पेटी भरल्यापासून बाराव्या दिवशीं शहरांतल्या एका दुकानांतून समुद्रपुष्प घरीं आलें. पांढरें शुभ्र, टोकांशीं किंचित् जांभळें. मोगरा फुलावा तसें दिसत होतें. दुकानदारानेंही दुर्मिळ रंग म्हणून चार पैसे अधिक घेतले. दोन दिवस तें पेटींत भटकलें, तिसऱ्या दिवशीं आक्रसलें, सहाव्या दिवशीं तोंड उघडें टाकून पडलें. दमलें असेल, उद्यां पाहूं, असें म्हणून आम्ही सगळे निजलों. सकाळीं पेटींतलें पाणी दुधाळ झालें होतें, दिवाणखान्यांत कुजका वास सुटला होता, आणि दोन्ही मासे पाण्यावर उताणे तरंगत होते.

मुलगी त्या दिवशीं जेवली नाहीं. आमच्या मातोश्रींचें वय तेव्हां ब्याऐंशीं. त्या रागावल्या नाहींत, इतकेंच म्हणाल्या, “अरे, पाहुण्याला बोलवायचें तर आधीं घरांत चूल पेटलेली असावी. तुमचें तर अजून पाणीसुद्धां शिजलें नव्हतें!”

‘पाणी शिजणें’ हा त्यांनीं रागाशिवाय उच्चारलेला शब्द आमच्या मनांत घर करून बसला. त्यानंतर पुतण्या आणि आम्ही वाचूं लागलों, आणि पहिल्याच आठवड्यांत आम्हांस एका विलायती समुद्रपुष्पाची हकीकत सांपडली. स्कॉटलंडमध्यें सर जॉन डॅलिएल नांवाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनीं १८२८ सालीं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रपुष्प घरीं आणिलें व काचेच्या भांड्यांत ठेविलें. डॅलिएल १८५१ सालीं वारले. समुद्रपुष्प जिवंतच होतें. तें दुसऱ्या विद्वानाकडे गेलें, त्याच्यामागें तिसऱ्याकडे, असें करीत शेवटीं तें एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्यें आलें. एव्हांना लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणूं लागले होते. तिला शेंकडों पिलें झालीं. तिला पाहावयास येणारांनीं नांव लिहावें म्हणून वही ठेविलेली होती. १८८७ सालीं ती मेली, तेव्हां वर्तमानपत्रांत तिचा मृत्युलेख आला. माणसाच्या हातीं आल्यापासून एकोणसाठ वर्षें! ना वीज, ना पंप. भांडें, समुद्राचें ताजें पाणी आणि तें न चुकतां बदलणारा हात, एवढेंच तिचें वैभव.

खरें, ती थंड समुद्रांतली, ओहोटीच्या वेळीं खडकावर उघडी पडण्याची संवय असलेली काटक जात. उष्ण समुद्रांतल्या नाजूक जातीशीं तिची बरोबरी करतां येत नाहीं. तरी पण त्यावरून एक गोष्ट कळली. या प्राण्यांत म्हातारपणाची ठळक अशी खूणच दिसत नाहीं. तीं मरतात तीं बहुधा पाण्यानें, उष्णतेनें, भुकेनें किंवा इजेनें. म्हणजे आपल्या घरीं समुद्रपुष्प मेलें, तर तें वयानें मेलें असें म्हणण्याची सोय नाहीं. तेथें पांच माणसांनीं मिळून एकोणसाठ वर्षें राखण केली. येथें आम्हां नऊ माणसांच्या घरांत तें सात दिवसही टिकलें नाहीं. हा हिशेब आमच्या जिव्हारीं लागला.

आतां पाणी शिजतें म्हणजे काय होतें, तें सांगतों. पेटींतले प्राणी जो मळ टाकतात आणि अन्नाचे जे कण कुजतात, त्यांपासून अमोनिया होतो. तो जलचरांस विष आहे. पाण्यांत व खडकांच्या छिद्रांत एका प्रकारचे सूक्ष्म जंतु वाढले म्हणजे ते अमोनियाचें नायट्राइट करतात. तेंही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. तें पुष्कळ सौम्य असतें व अधूनमधून पाणी बदलून कमी करतां येतें. हे जंतु विकत घेतले तरी एका दिवसांत वसत नाहींत. दुधाला विरजण लावल्यावर वरचेवर झांकण काढून पाहिल्यानें दहीं लवकर लागत नाहीं, तसेंच हें. चार ते सहा आठवडे तर सहज जातात. अमोनिया व नायट्राइट यांचीं मापें शून्यावर येऊन तेथेंच टिकलीं, म्हणजे विरजण लागलें असें समजावें. पण तेव्हां फक्त काटक मासे सोडावे. समुद्रपुष्पासाठीं निदान सहा महिने, शक्य तर वर्ष, थांबावें. कारण त्याला पाणी नुसतें निर्विष असून चालत नाहीं, तें दररोज सारखें असावें लागतें. आम्हीं दुसऱ्या खेपेस आठ महिने वाट पाहिली. मुलीनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत रोज एक फुली मारली.

पाणी करावें कसें, हा पुढचा प्रश्न. नळाच्या पाण्यांत क्लोरीन व इतर द्रव्यें असतात, तें वापरूं नये. घरच्या आर.ओ. यंत्रांतही चवीसाठीं पुष्कळदां क्षार पुन्हां मिसळलेले असतात. विरघळलेल्या क्षारांचें माप शून्याजवळ येईल असें शुद्ध पाणी घ्यावें व त्यांत मत्स्यालयासाठीं मिळणारें तयार समुद्रमीठ लिटरास सुमारें पस्तीस ग्रॅम या हिशेबानें कालवावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत मिठाखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे पुष्कळ द्रव्यें असतात. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावें, आणि दर पंधरा दिवसांनीं पेटींतल्या पाण्याचा दहावा हिस्सा काढून तितकेंच नवें खारें पाणी, तेवढ्याच उष्णतेचें करून, घालावें.

येथें नवशिक्यांची हमखास चूक होते. पाणी रोज आटतें. तें भरून काढावयाचें म्हणून लोक खारें पाणी ओततात. पण आटतें तें पाणी. मीठ पेटींतच राहतें. आमटी चुलीवर आटली म्हणजे खारट होते, व सुगरण तींत पाणी घालते, मीठ घालीत नाहीं. हा न्याय आमच्या घरांतल्या सर्व बायकांना ठाऊक होता. पुस्तकें वाचणाऱ्या पुरुषांना तो मागाहून कळला. रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावी, आणि तीही एकदम बादलीनें नव्हे, थोडी थोडी.

आणखी एक सावधगिरी आमच्यासारख्या घरांस मुद्दाम सांगावीशी वाटते. तांबें हें समुद्रपुष्पाला जहर आहे. माशांच्या कित्येक औषधांत तांब्याचे क्षार असतात. तीं औषधें या पेटींत कदापि घालूं नयेत. आणि पाणी घालावयास देवघरांतला तांब्या किंवा कळशीही वापरूं नये. एके दिवशीं मातोश्री सहजपणें तांब्याचा गडू घेऊन पेटीकडे निघाल्या होत्या, तेव्हां मुलीनें धांवत जाऊन तो त्यांच्या हातांतून काढून घेतला. तेव्हांपासून पेटीशेजारीं एक प्लास्टिकचें भांडें त्याच कामासाठीं ठेविलेलें आहे. डांसांचें औषध फवारतांनाही पेटीची आठवण ठेवावी, आणि साबणाचा हात आंत घालूं नये.

उजेडाची गोष्ट अशी. या जातीच्या अंगांत एकपेशीय शैवल राहतें. तें उजेडावर साखर तयार करतें व आपल्या यजमानाला देतें. यजमान त्याला आसरा व खत देतो. पोटाची मोठी सोय या भाडेकऱ्याकडूनच होते. उष्णता वाढली, उजेड कमी पडला किंवा प्रवासांत हाल झाले कीं हें शैवल अंगांतून निघून जातें आणि समुद्रपुष्प पांढरें पडतें. १९९८ सालीं समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, लक्षद्वीपलाही तो तडाखा बसला. त्याचें कारणही हेंच. आमच्या पहिल्या पाहुण्याचा मोगऱ्यासारखा रंग ही मुळीं उपासमार होती, आणि आम्हीं तिला सौंदर्य समजून अधिक पैसे मोजले होते! दुकानांत पांढरेंफेक किंवा भडक पिंवळें, निळें रंगविल्यासारखें समुद्रपुष्प दिसलें तर तें घेऊं नये. बदामी, हिरवट, तांबूस असा भरदार रंग पाहावा.

दिवा मत्स्यालयासाठीं बनविलेला, प्रखर असावा व रोज आठ ते दहा तास ठराविक वेळीं लावावा. पाण्याची उष्णता २४ ते २६ अंश सेल्सियस राखावी. आपल्याकडे वैशाखांत हेंच अवघड. पाण्याच्या पृष्ठावर लहान पंखा सोडला म्हणजे दोनतीन अंशांचा फरक पडतो, पण पाणी अधिक आटतें हें लक्षांत ठेवावें. उन्हाळा कडक असेल तेथें पाणी थंड करणारें यंत्र घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो खर्च झेपणार नसेल तर पेटीच मांडूं नये. वीज गेली तर पाणी हलतें राहावें म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

विजेच्या आधीं लोक काय करीत, याची एक गोड हकीकत वाचनांत आली. लंडनमध्यें १८४६ च्या सुमारास ॲना थिन नांवाच्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीनें घरांत जिवंत प्रवाळ पाळले होते. समुद्राचें ताजें पाणी दररोज मिळत नसे, तेव्हां त्यांची मोलकरीण खिडकीशीं उभी राहून तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत उंचावरून ओतीत असे, कीं त्यांत हवा मिसळावी. तापलेलें दूध निवविण्यासाठीं आपल्या घरोघरीं होते तीच ही क्रिया. एका वादळी रात्रीं पांच तास वीज नव्हती व बॅटरीही संपली, तेव्हां आमच्या वहिनींनीं व मुलीनें आळीपाळीनें हाच उपाय केला आणि पेटी वांचविली.

आतां आहाराचा प्रश्न. या प्रश्नावर आमच्या घरांत दोन बैठका झाल्या. शैवल साखर पुरवितें, तरी आठवड्यांतून एकदां कोळंबीचा किंवा माशाचा शेंगदाण्याएवढा तुकडा दिला म्हणजे समुद्रपुष्पाची वाढ नीट होते. आमचें घर शाकाहारी. मातोश्रींचें म्हणणें असें कीं ज्याचा जो आहार तो त्याला दिला पाहिजे, वाघाला गवत घालून पुण्य लागत नाहीं. पण माझ्या दुधातुपाशेजारीं तो डबा येतां कामा नये. शेवटीं गच्चीवरच्या खोलींत एक लहान जुनें शीतकपाट आलें व तें काम पुतण्यानें आपल्याकडे घेतलें. ज्या घरास एवढेंही रुचणार नाहीं त्यांनीं हा नादच करूं नये, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. जनावर आपल्या सोवळ्याप्रमाणें बदलणार नाहीं. मात्र मोठे तुकडे व रोजचे लाड यांनीं भलें होत नाहीं. न पचलेलें अन्न तें बाहेर टाकतें व पाणी बिघडतें.

दुसरें समुद्रपुष्प आम्हीं दुकानांतून आणिलें नाहीं. मुंबईच्या एका गृहस्थांकडे कित्येक वर्षांचें समुद्रपुष्प होतें, तें आपोआप दुभंगून एकाचीं दोन झालीं होतीं. ही जात कधीं कधीं मधोमध फाटून दोन पूर्ण प्राणी होते. त्यांपैकीं एक त्यांनीं आम्हांस दिलें. पिशवी प्रथम पेटींत तरंगत ठेवून उष्णता सारखी केली, मग नळीनें थेंब थेंब आमचें पाणी दीड तास त्यांत सोडलें, व मग तें खडकाच्या कपारीपाशीं अलगद ठेविलें. पाणी फिरविणारा पंप पाऊल रोवेपर्यंत मंद ठेविला.

प्रकृति कशी ओळखावी? तोंड मिटलेलें, रंग भरदार, स्पर्शक फुगलेले व अन्नाला चटकन् चिकटणारे, आणि पाऊल घट्ट, तर प्रकृति उत्तम. अधूनमधून तें एकदम आक्रसून अंगांतलें पाणी व मळ बाहेर टाकतें. तेवढ्यानें घाबरूं नये, कांहीं तासांत पुन्हां फुलतें. पण तोंड सैल पडून उघडें राहिलें, पाऊल सुटलें, दोनतीन दिवस तें फुललेंच नाहीं, तर पाण्याचीं मापें ताबडतोब घ्यावीं. अंग विरघळूं लागलें व घाण सुटली तर क्षणभरही न थांबतां तें बाहेर काढावें. नाहीं तर तें इतरांना घेऊन जातें, हें आम्हीं पाहिलेलें आहे. आणि जिवंत समुद्रपुष्पाचें खडकाला धरलेलें पाऊल ओढून सोडवूं नये. तें फाटलें तर जखम बहुधा जिवावर बेतते.

त्याला पाऊल आहे, म्हणून तें चालतें. जागा मानवली नाहीं तर रात्रींतून वीतभर सरकतें. पेटींत त्याचा सर्वांत मोठा शत्रु म्हणजे पंपाचें तोंड. तेथें ओढलें गेलें कीं त्याच्या चिंध्या होतात. आम्हीं पंपाला स्पंजाचें आवरण घातलें होतें. पण तें धुवावयास काढलें व परत बसविण्याचें राहून गेलें. पहाटे मातोश्री उठल्या आणि काठी टेंकीत येतां येतां त्यांनीं पाहिलें कीं पुष्प पंपाच्या अगदीं कडेला आलें आहे. त्यांनीं बटण शोधण्याच्या भानगडींत न पडतां अशी हांक मारली कीं सगळें घर जागें झालें. एकत्र कुटुंबाच्या अडचणींवर आम्हीं या पानांतून पुष्कळ लिहिलें आहे. पण ज्या घरांत रात्रंदिवस कोणी ना कोणी जागें असतें, त्या घराची मोठी सोय असते, हेंही लिहिलें पाहिजे.

नारिंगी माशांविषयीं मुलें विचारतातच. अशा माशांच्या सुमारें तीस जाती आहेत व त्यांना आसरा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या दहा. माशाच्या अंगावरच्या विशिष्ट चिकट थरामुळें त्याला दंश होत नाहीं. तो समुद्रपुष्पाला कुरतडणाऱ्या माशांना हांकलून लावतो व त्याच्या मळाचें खत शैवलास मिळतें. समुद्रांत माशाला या आसऱ्यावांचून जगणें कठीण. पेटींत मात्र शत्रु नसल्यामुळें तो एकटाही सुखानें राहतो. म्हणून केवळ माशासाठीं घाईनें समुद्रपुष्प आणण्याचें कारण नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाचें: आणावें कोठून? विलायतेंत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं मत्स्यालयावर पुस्तक लिहिलें आणि घरोघरीं समुद्राच्या पेट्या ठेवण्याचें वेड पसरलें. लोक टोपल्या व हातोड्या घेऊन किनाऱ्यावर गेले. पुढें त्यांच्या मुलानें, एडमंड गॉस यांनीं, १९०७ सालच्या आपल्या आठवणींत खेदानें लिहिलें कीं बालपणीं पाहिलेलीं तीं खडकांतलीं फुललेलीं डबकीं संग्राहकांनीं उजाड करून टाकिलीं. बापानें ज्या वस्तूवर प्रेम करावयास शिकविलें, तीच त्या प्रेमानें नाहींशी झाली.

आपल्या कोकणांतही ओहोटीला खडकांवर गेलें म्हणजे समुद्रपुष्पें दिसतात. पाण्याबाहेर असतांना तीं मिटलेल्या मांसल गोळ्यासारखीं असतात व भरतीचें पाणी आलें कीं उमलतात. मुलांना जरूर दाखवावीं. बोटही न लावतां दाखवावीं. आणि उलटा केलेला दगड पुन्हां जसाच्या तसा ठेवावा. तीं घरीं आणूं नयेत. मालवणपाशीं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां शोभेसाठीं प्रवाळाचा तुकडा उचलणें हा गुन्हाही होतो. समुद्रपुष्प हवेंच असेल तर दुसऱ्याच्या पेटींत दुभंगून झालेलेंच घ्यावें. त्यासाठीं थांबावें लागतें. पण ज्याला थांबतां येत नाहीं त्याच्याकडून हा प्राणी सांभाळलाही जाणार नाहीं.

गेल्या आषाढांत पुतण्या उच्च शिक्षणासाठीं जर्मनीला गेला. जाण्यापूर्वीं त्यानें बॅगा भरण्याअगोदर एक वही भरली. उष्णता, विशिष्ट गुरुत्व, पाणी बदलल्याची तारीख, खाणें, शेरा, अशीं घरें आंखलीं, आणि पहिल्या पानावर लिहिलें: “माझ्यामागें कोण?” त्याखालीं आपल्या बहिणीचें नांव घातलें, तिच्याखालीं आमचें. आम्ही साठीच्या घरांत आहों. समुद्रपुष्प आमच्यामागेंही राहील, असा विचार तें नांव वाचतांना प्रथमच मनांत आला. घर, दागिने, भांडीं यांचें मृत्युपत्र माणूस करतो. ज्याला तोंड आहे पण हांक मारतां येत नाहीं, त्याची तजवीज कोणी लिहून ठेवीत नाहीं.

मुलगी आतां कॉलेजांत जाते. मापें ती घेते, पाणी आम्ही बदलतों. रोज संध्याकाळीं दिवेलागणीला, तुळशीला पाणी घालून झालें कीं, मातोश्री प्लास्टिकच्या भांड्यानें पेटींत आटलेलें पाणी खुणेपर्यंत घालतात. त्यांची दृष्टि मंद झाली आहे, म्हणून मुलीनें काचेवर लाल जाड रेघ मारून दिली आहे. वहींतल्या शेऱ्याच्या घरांत त्यांचें थरथरतें अक्षर रोज असतें: “पाणी घातलें. फूल बरें आहे.”

असो. पेटी मांडावी कीं नाहीं हें ज्यानें त्यानें आपल्या घराकडे पाहून ठरवावें. मांडावयाची असेल तर आधीं वही घ्यावी व तिच्या पहिल्या पानावरचा प्रश्न घरांतल्या सर्वांसमक्ष वाचावा. त्या प्रश्नाखालीं दोन नांवें खऱ्या मनानें लिहितां आलीं, तर मग पाणी शिजत घालण्यास हरकत नाहीं.